शिवण आतून बघावी

चेकरबाईंच्या हातात कुठलाही कपडा द्या, त्या आधी तो उलटा करणार. रंग बघणार नाहीत, नक्षी बघणार नाहीत, थेट आतली शिवण. भाच्याने पहिल्या पगारातून मावशीसाठी स्वेटर आणला होता. पोराचं कौतुक राहिलं बाजूला, बाईंनी स्वेटर उलटा केला, काखेतली शिवण बोटाने ताणली आणि म्हणाल्या, "सुरेख आहे. दोन धुण्यांत उसवेल." उसवला. भाचा ते अजून विसरलेला नाही.

त्यांचा जन्मच गेला तयार कपड्यांच्या कारखान्यात, तपासणीच्या टेबलावर. समोर शर्टांची चळत यायची. कॉलर, काजं, बटणं, बाही, सगळं आतून-बाहेरून बघायचं आणि ठरवायचं, पास की नापास. नव्या पोरींना त्या एकच धडा द्यायच्या. "हे बघा, सुटलेलं बटण हा दोष दुरुस्त होतो. उसवलेली शिवण परत घालता येते. पण कापडच विरलेलं असेल, तर वर सोन्याची बटणं लावा, शर्ट गेला." कारखान्यातून निवृत्त झाल्या, पण जित्याची खोड कुठे जाते? नाव तेवढं उरलं, चेकरबाई, आणि दिवसभर विचारायला प्रश्न. शेजारीण नवा पंखा घेऊन आली की तिच्या आधी बाई तो पुसून, हलवून, कान लावून मोकळ्या.

भाचा सोडला तर त्यांना या नावाने न बोलावणारं जगात एकच माणूस होतं, ते म्हणजे ताई. ताई त्यांना 'धाकटे' म्हणायची. दोघींची आई फार लवकर गेली, तेव्हा ताईनेच धाकटीला वाढवलं. ताई त्याच कारखान्यात शिवणमशीनवर बसायची. सुट्टीची घंटा झाली की इतर बायका फाटकाशी घटकाभर गप्पा मारायच्या, पण ताई कधी थांबली नाही. पुढे ताईचं लग्न झालं, मुलगा झाला, नवरा गेला, मुलगा नोकरीसाठी लांबच्या शहरात गेला, आणि दोघी बहिणी पुन्हा एका घरात राहायला लागल्या. बाईंनी लग्न केलं नव्हतं. कारण विचारलं तर म्हणायच्या, "आले होते की दोन-तीन नमुने. उलटे करून बघितले."

तर असं सगळं बरं चाललं होतं आणि ताई विसरायला लागली. आधी चष्मा, मग शेजाऱ्यांची नावं, मग गॅस बंद करायचा. तेही एक वेळ चाललं असतं. पण दिवस कलायला लागला की ताई उठायची, केस सारखे करायची आणि म्हणायची, "चला, मला घरी जायचंय."

"अगं ताई, हे घरच आहे," बाई म्हणायच्या. "ही बघ तुझी खुर्ची. हे तुझं कपाट. हा भिंतीवर तुझा फोटो. आता आणखी काय पुरावा देऊ?"

ताई सगळं नीट बघायची. पाहुणीसारखी हसायची. "छान आहे हो तुमचं घर. पण मला निघायला हवं."

रोज तेच. बाई पुरावे मांडायच्या, ताई नम्रपणे नाकारायची, आणि शेवटी एकजण रडायची. बहुतेक वेळा ती ताई नसायची. एके दिवशी बाई ओट्याशी असताना ताईने कडी काढली. बाई तिच्यामागे धावल्या, पायरीवर घसरल्या आणि मनगट प्लास्टरमध्ये गेलं. ताईला भाजीवाल्याने दोन गल्ल्या पलीकडून हाताला धरून आणलं. तेव्हा भाचा रजा टाकून आला आणि जे कुणी बोलत नव्हतं ते बोलला.

"मावशी, तुझ्याने आता होणार नाही. आईला चांगल्या ठिकाणी ठेवू. मी चौकशी केलीय."

बाईंना हे पटत होतं, आणि पटतंय याचाच संताप येत होता. ज्या बहिणीने आपल्याला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं, तिला आपण परक्यांच्या हवाली करणार. रडून झाल्यावर त्यांनी नाक पुसलं आणि म्हणाल्या, "मी तपासल्याशिवाय नाही. पसंत पडलं नाही तर मी आणि ताई, दोघी इथेच राहू. मग माझं दुसरं मनगट मोडलं तरी चालेल."

भाच्याची रजा आठवड्याचीच होती. त्यामुळे जे काय व्हायचं ते त्यातच व्हायला हवं होतं.

पहिलं ठिकाण चकचकीत होतं. दाराशी कारंजं, आत गुळगुळीत फरशी, व्यवस्थापक बाईंच्या ओठांवर हसू. चेकरबाईंनी एका हाताने जमेल तेवढं सगळं उलटं केलं. उशीचा अभ्रा काढला, गादीखाली डोकावल्या, नळाच्या मागून बोट फिरवलं, टॉवेलाचा वास घेतला. दोष सापडेना. मग खिडकीशी बसलेल्या एका आजींना विचारलं, "कसं आहे हो इथे?"

आजींनी आधी व्यवस्थापक बाईंकडे बघितलं. मग म्हणाल्या, "छान आहे."

शेजारचे आजोबा म्हणाले, "छान आहे." पलीकडच्या खुर्चीतूनही छानच आलं. कोणाला चहा बेचव लागत नव्हता, कोणाला उकडत नव्हतं, कोणाचं शेजाऱ्याशी वाजलेलं नव्हतं. इतकी म्हातारी माणसं एका छपराखाली आणि एकाचीही तक्रार नाही? बाईंना कारखान्यात असा बिनदोष शर्ट कधी भेटला नव्हता. भाचा खुशीत होता. "झालं ना मनासारखं?" त्याने विचारलं. "वरवर," बाई म्हणाल्या. दुसऱ्या ठिकाणी फाटकातच असा वास आला की त्या रिक्षातून उतरल्याच नाहीत.

तिसऱ्या ठिकाणी त्या एकट्याच गेल्या, न कळवता. कळवून गेलं की दुकानदार वरचा शर्ट दाखवतो, हे त्यांना कोणी शिकवायला नको होतं. भाच्याला ताईपाशी बसवलं, कापडी पिशवीत पाण्याची बाटली, चष्मा आणि शाल टाकली आणि निघाल्या. बैठी इमारत, मोठं फाटक, पुढे व्हरांडा, व्हरांड्यात बाकडं. भिंतींचा रंग उडालेला. बाईंनी ठरवलं, आधी पंधरा मिनिटं गुपचूप बसून येणं-जाणं बघायचं, मग आत. म्हणून त्या बाकड्यावर टेकल्या. प्लास्टरमधला हात गळ्यात, पिशवी मांडीवर, आणि प्रवासाने विस्कटलेले पांढरे केस. आता तुम्हीच सांगा, बघणाऱ्याला काय वाटेल?

आतून एक दणकट सेविका आली. तिचा आवाज असा घोगरा की तिथे सगळे तिला घोगरीच म्हणत, आणि तीही ओ देत असे. "आलात का?" ती म्हणाली. "वाटच बघत होतो. सोडून लगेच गेले वाटतं घरचे? चला, आत चला, ऊन येतंय इथे."

"मी बघायला आलेय," बाई म्हणाल्या.

"हो, बघा की. सावकाश बघा. नाव काय म्हणायचं?"

"सगळे चेकरबाई म्हणतात."

घोगरीने मान डोलावली, पिशवी स्वतःकडे घेतली आणि बाईंच्या चांगल्या हाताखाली आपला हात दिला. बाईंना मोठं अगत्य वाटलं. कोमट पाणी आलं, हात-पाय धुतले गेले, प्लास्टरभोवती फडकं गुंडाळून एक थेंब आत जाऊ दिला नाही. केसांवरून फणी फिरली. बाईंनी मनात नोंद केली: हात हलका, पाणी बेताचं, पास. मग घोगरी म्हणाली, "ही तुमची खोली. ही खिडकीकडची कॉट तुमची."

तेव्हा बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला. त्या खुलासा करायला तोंड उघडणार, एवढ्यात त्यांच्यातली चेकर जागी झाली. आयुष्यभर शिवण आतून बघितली, आणि आता कोणी आपणहून आत घेतंय तर नको म्हणायचं? त्यांनी तोंड मिटलं. वर पाय घेऊन कॉटवर बसूनही बघितलं.

नंतरचा वेळ त्यांना मेजवानीच होती. बाहेरच्या खोलीत खुर्च्या गोलाकार मांडलेल्या. शेजारी एक म्हातारे मास्तर बसले होते. त्यांच्या शर्टाचं दुसरं बटण तुटलेलं. बाईंचा हात सारखा तिकडे जायला बघत होता.

"नवीन का?" मास्तर म्हणाले. "बरं झालं आलात. चहाची तक्रार करा. मी एकटा करून दमलो."

"तक्रार केली की काय होतं?"

"घोगरी भांडते."

"आणि मग?"

"मग दुसरा करून आणते." मास्तरांनी जरा विचार केला. "तोही वाईटच असतो."

चहा खरंच वाईट होता. बाईंनी एक घोट घेऊन तसं सांगितलं. घोगरी म्हणाली, "आल्या आल्या मास्तरांच्या पार्टीत गेलात का? आणते दुसरा." ती पुटपुटत गेली आणि आणला. तोही वाईटच होता. पण बाई तो चवीने प्यायल्या, कारण त्यांचं लक्ष दुसरीकडे होतं. समोरच्या आजी कुणालातरी सांगत होत्या की पंख्याचा आवाज येतो. आणखी कुणी म्हणत होतं की भाजीत मीठ नव्हतं. सगळा कारभार बोंबलतोय असं बोलणं चाललं होतं आणि बोलताना एकानेही मान वळवून सेविका कुठे आहे ते बघितलं नाही. चकचकीत ठिकाणी सगळ्यांनी बघितलं होतं. बाई पुढे झुकून ऐकत राहिल्या.

दुपारी त्यांना आडवं केलं. उशाशी घंटीचं बटण होतं, ते त्यांनी दाबलं. बराच वेळ कोणी आलं नाही. हा दोष. मग दुसरी एक सेविका धापा टाकत आली. "काय हवंय आजी?"

"काही नाही. वाजते का बघितलं."

"वाजते," ती म्हणाली. पाय उघडे दिसले म्हणून शाल ओढून घातली आणि गेली. 'आजी' बाईंना आवडलं नव्हतं, पण शाल आवडली. त्यात त्यांना चक्क डुलकी लागली.

जाग आली तेव्हा खिडकीतलं ऊन उतरलं होतं. बाई धडपडत उठल्या. आता घरी ताई उठली असेल, केस सारखे करत असेल, आणि भाच्याला तिला थोपवणं जमायचं नाही. त्या बाहेर आल्या आणि घोगरीला म्हणाल्या, "मला घरी जायचंय."

हे वाक्य त्यांनी इतक्या वेळा ऐकलं होतं की स्वतःच्या तोंडून ते ओळखीचं वाटलं.

"अहो, खरंच सांगते," त्या घाईने बोलू लागल्या, "मी इथली नाही. मी तपासायला आले होते. माझी बहीण घरी आहे. मी कारखान्यात चेकर होते म्हणून..." जेवढं जास्त सांगावं तेवढं ते जास्त खोटं वाटत होतं. खोलीतल्या आजी मायेने त्यांच्याकडे बघत होत्या. मास्तर म्हणाले, "पहिला दिवस असाच जातो." फाटकाला कडी होती. आयुष्यभर चेकरबाईंनी नापास म्हटलं की माल परत जायचा, मालकसुद्धा हुज्जत घालत नसे, आणि आज त्यांच्या बोलण्याला किंमतच उरली नव्हती. त्या घाबरल्या. आता ही बाई म्हणणार, 'अहो आजी, हेच आता तुमचं घर. ही तुमची खोली, ही तुमची कॉट.' पुढचं सगळं बाईंना पाठ होतं, कारण ते त्यांचंच होतं.

घोगरीने त्यांच्या पायांकडे बघितलं. "चपला कुठे काढल्यात?"

"अं?"

"घरी जायचंय ना? मग चपला नकोत?" तिने चपला शोधून आणल्या, वाकून बाईंच्या पायात घातल्या, पिशवी त्यांच्या खांद्याला लावली, दुसऱ्या सेविकेला हाक मारून म्हणाली, "इकडे बघ गं, मी यांच्याबरोबर जाऊन येते." कडी काढली. दोघी रस्त्यावर आल्या.

घोगरी त्यांच्या पावलाशी पाऊल जुळवून चालत होती. तिला घाई नव्हती. वाटेत पिठाची गिरणी लागली, सायकलचं दुकान लागलं. मग तिने सहज विचारलं, "घरी कोण आहे?"

"बहीण."

"थोरली?"

"थोरली. ती संध्याकाळची अस्वस्थ होते. मी नसले की..."

"मग जायलाच हवं," घोगरी म्हणाली.

कोपऱ्यावर तिचा फोन वाजला. पलीकडून कोणीतरी भराभर बोलत होतं. घोगरी ऐकत गेली आणि तिचा चेहरा उतरत गेला. फोन ठेवून तिने बाईंना डोक्यापासून पायापर्यंत बघितलं. "नवीन आजी आत्ता आल्यात. त्यांच्या मुलाची गाडी वाटेत बंद पडली होती." तिने विचारलं, "मग तुम्ही कोण?"

"सकाळपासून सांगतेय," बाई म्हणाल्या आणि त्यांना हसू आवरेना.

"त्यांच्या सुनेने फोनवर सांगून ठेवलं होतं हो, सासूबाई म्हणतील मी इथली नाही, मी तपासायला आलेय, तर मनावर घेऊ नका म्हणून. तुम्हीही तेच म्हणालात." घोगरीने कपाळाला हात लावला. "आता माझी काही खैर नाही."

"नाहीच आहे. भलत्याच माणसाला आत घेतलं, एक कागद बघितला नाही. घंटीला उशीर. चहा तर गुन्हा आहे." बाईंनी बोटांवर मोजत सगळं सुनावलं. मग त्या थांबल्या, कारण खरा प्रश्न वेगळाच होता. "मी खोटं बोलतेय असं वाटत होतं ना तुम्हाला? मग बरोबर कशाला आलात?"

घोगरीला प्रश्नच कळला नाही असं वाटलं. "खोटं असलं म्हणून काय झालं? जायचं तर होतं ना तुम्हाला. आम्ही जातो सगळ्यांबरोबर. कोणी फाटकापर्यंत जातं, कोणी गिरणीपर्यंत. वाटेत घरची चौकशी करायची. कोण आहे, कशाला जायचंय. मन मोकळं झालं की माणूस आपणच म्हणतं, चला परत."

"आणि नाही म्हटलं तर?"

"मग आणखी थोडं चालायचं."

बाईंनी तिच्या पायांकडे बघितलं. तिच्या चपलांच्या टाचा पार झिजलेल्या होत्या.

घोगरीने बसवून दिलेल्या रिक्षाने बाई घरी पोचल्या तेव्हा भाचा दाराला पाठ लावून उभा होता, आणि ताई त्याच्यासमोर केस सारखे करून, पदर नीट करून तयार.

"मावशी, सुटलो बाबा," भाचा म्हणाला. "कुठे होतीस दिवसभर? पास की नापास?"

"दोष ढीगभर आहेत. जाऊन एकेक सांगणार आहे त्यांना, दुरुस्त करून घेणार आहे. रोज जाईन, त्यांना नकोसं होईपर्यंत जाईन." बाईंनी पिशवी खाली ठेवली. "कापड चांगलं आहे. उद्या फोन कर त्यांना. आणि आईला चालायला बुटांची भक्कम जोडी घे."

"बुटांची?"

तेवढ्यात ताई म्हणाली, "मला घरी जायचंय."

भाच्याने सवयीने सुरुवात केली, "आई, हेच तर आपलं..."

"तू गप बस. तिच्या चपला आण," बाई म्हणाल्या.

दोघी बहिणी रस्त्यावर आल्या. दिवे लागायला अजून अवकाश होता. ताई आधी झपझप चालली, मग मागे कोणी ओढत नाही हे लक्षात येऊन तिची पावलं सावकाश झाली. तिने बाईंच्या प्लास्टरकडे बघून विचारलं, "लागलं का हो तुम्हाला?" "थोडं," बाई म्हणाल्या. भाजीवाला गेला, पाण्याची टाकी गेली. बाईंनी उभ्या जन्मात जगाला प्रश्न विचारले होते. पंख्याला विचारले, शर्टाला विचारले, काल-परवा अनोळखी म्हाताऱ्यांना विचारले. घरातल्या एका माणसाला मात्र रोज संध्याकाळी नुसती उत्तरंच दिली होती.

"ताई," त्या म्हणाल्या, "घरी कोण आहे?"

"धाकटी आहे ना," ताई म्हणाली. "एकटीच असते. घरात भीती वाटते तिला, म्हणून पायरीवर बसून राहते. घंटा केव्हाच झाली हो, आणि या बायका गप्पा मारत बसतात."

बाईंना पुढचं दिसेनासं झालं. त्यांनी बहिणीचा हात घट्ट धरला.

"मग चल," त्या म्हणाल्या. "ती वाट बघत असेल."